कनेक्शन डिलीट केलं तरी डेटा का राहतो: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, एक स्टार बघून वाईट वाटलं, खरं तुम्ही कारणं नीट लिहिलीत म्हणून इथंच सगळ्यांसमोर उत्तर देतोय, बेळगावच्या उद्यमबागेतले बाकीचे फौंड्रीवाले पण हेच विचारत असतात. तुमचं म्हणणं असं की आमच्या टूलमधलं टॅलीचं कनेक्शन डिलीट केलं तरी वेअरहाऊसमधली (टॅलीतल्या डेटाची कॉपी साठते त्या डेटाबेसमधली) बिलं गेली नाहीत, जुनी वर्षं हातानं खोडली तरी डिस्क रिकामी झाली नाही, आणि कनेक्शन परत जोडल्यावर खोडलेली बिलं आली ती आली, वर राहिलेली डबल झाली.

कनेक्शन डिलीट म्हणजे डेटा आणायचं काम बंद, एवढंच. आणून ठेवलेला डेटा तुमचा आहे, त्याला टूल हात लावत नाही आणि हे मुद्दाम तसं ठेवलंय. जीएसटीच्या कलम 36 प्रमाणे हिशोब वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून 72 महिने सांभाळावा लागतो, आणि ऑफिसचा कॉम्प्युटर कधी फॉरमॅट झाला तर वेअरहाऊसमधली कॉपीच हाताशी उरते की ओ, ती एका क्लिकवर जाऊ देणं मला पटत नाही.

डबलचं कारण तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये दिसतंय बघा, बिल नंबर तोच, रक्कम तीच, फक्त शेवटच्या कॉलममधली लोड झाल्याची वेळ वेगळी. सिंक, म्हणजे टॅलीतून डेटा आणणं, कुठपर्यंत झालाय याची खूण कनेक्शनबरोबर जाते, टेबल मात्र तिथंच राहतं, मग अपेंड मोडमधलं नवीन कनेक्शन पहिल्यापासून सगळं वाचतं आणि जुन्याच टेबलात खाली जोडतं.

डिस्कचं म्हणाल तर पोस्टग्रेसमध्ये (वेअरहाऊसचा डेटाबेस) डिलीट केलं की ओळी मेल्या अशी नोंद होते, नंतर व्हॅक्यूम ही साफसफाईची कमांड ती जागा त्याच टेबलाला परत वापरायला देतो, सहसा डिस्कला देत नाही. पूर्ण टेबलच नको असेल तर ट्रंकेट करा (टेबल एकदम रिकामं करायची कमांड), जागा लगेच सुटते. थोड्याच ओळी काढल्या असतील तर व्हॅक्यूम फुल, खरं तो टेबल नव्यानं लिहितो, त्याला तेवढी मोकळी जागा लागते आणि संपेपर्यंत टेबल पूर्ण लॉक, म्हणून पाळी सुटल्यावरच चालवा.

साफ काढायचं तर आधी शेड्युल बंद करा, चालू सिंक संपू द्या, मग फायनल टेबल, मग रॉ टेबल (टॅलीतून आलेला कच्चा डेटा, हे बहुतेक जण विसरतात आणि पार्टीचे फोन नंबर, पत्ते तिथंच पडून राहतात), कनेक्शन सगळ्यात शेवटी. ड्रॉप करताना, म्हणजे टेबल काढून टाकताना, एरर आली तर घाईनं कॅस्केड (त्यावर अवलंबून असलेलं सगळं सोबत काढायचा पर्याय) लावू नका, त्या टेबलावरचे रिपोर्टचे व्ह्यू पण जातील. बॅकअपमधली कॉपी वेगळी काढावी लागते.

आणि पार्टीच्या नावावरून कधीच खोडू नका. आपल्याकडे एकच पार्टी एका सॉफ्टवेअरला कन्नडमध्ये, दुसऱ्याला मराठीत, बिलावर इंग्लिश स्पेलिंगमध्ये असते, अर्धी राहते नाहीतर भलतीच जाते. जीएसटी नंबर नाहीतर पार्टी कोड धरा.

तुमच्या डबल ओळी लोडच्या वेळेवरून वेगळ्या काढता येतात, मूळ बिलांना धक्का लागत नाही. आमचा मुलगा तुमच्या ऑफिसला येऊन समोर बसून करून देईल, त्याचे पैसे नाहीत. तोपर्यंत तेवढं शेड्युल बंद ठेवा आणि हातानं काही खोडू नका.