क्षेपणास्त्र शेपटामागे धावत नाही

सध्या एक व्हिडिओ ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: उष्णतावेधी क्षेपणास्त्र म्हणजे शिकारी कुत्रा. इंजिनाची धग दिसेल तिकडे नाक करतं आणि विमानामागे धावतं. मारा फक्त मागूनच होतो, फ्लेअर (विमानातून सोडलेले जळते, तापलेले गोळे) सोडले की सुटका, आणि आत बसलेला सुपरकॉम्प्युटर हे सगळं करतो.

‘नाक करून धावतं’ ही मूळ चूक. दर्यावर वावरलेल्या कुणालाही विचारा. समोरची बोट जवळ येतेय आणि आपल्याला ती ज्या दिशेला दिसते ती दिशा मात्र हलत नाही, म्हणजे टक्कर नक्की. खलाशी हे टाळतो, क्षेपणास्त्र नेमकं हेच साधतं. अमेरिकेच्या साइडवाइंडर या उष्णतावेधी क्षेपणास्त्राच्या जुन्या आवृत्त्यांत नाकात एक आरसा भोवऱ्यासारखा फिरत असतो. क्षेपणास्त्र कितीही हललं तरी भोवरा आपली दिशा सोडत नाही. लक्ष्य मध्यापासून सरकलं की भोवतालच्या कॉइलमधून प्रवाह जातो आणि भोवरा तिकडे कलतो. हा प्रवाहच सांगतो, की लक्ष्याकडची दृष्टिरेषा, म्हणजे क्षेपणास्त्रापासून लक्ष्यापर्यंतची सरळ रेषा, किती वेगानं वळतेय. पंखांना हुकूम जातो तो याच वेगाच्या पटीत, साधारण 3 ते 5 पट वळण्याचा. दृष्टिरेषा वळायची थांबली की गाठ पडणारच, मग नाक भलतीकडे का असेना. हा आकडा 1 ठेवला तर मात्र व्हिडिओतला कुत्रा खरा ठरतो, आणि आडव्या जाणाऱ्या विमानापाशी शेवटच्या क्षणी त्याला न झेपणारं वळण घ्यावं लागतं.

मागूनच मारा? सुरुवातीला हो. उष्णता टिपणाऱ्या लेड सल्फाइडच्या डिटेक्टरला इंजिनाचं तापलेलं धुराडंच नीट दिसे. थंड केलेल्या इंडियम अँटिमोनाइडच्या डिटेक्टरमुळे साइडवाइंडरची ‘एआयएम-9एल’ ही आवृत्ती समोरूनही मारा करू लागली. 1982 मध्ये फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिशांच्या सी हॅरियर लढाऊ विमानांवर तीच होती. गंमत म्हणजे तिथले बहुतेक मारे तरीही मागूनच झाले.

फ्लेअरचं अर्धं खरं. जुन्या सीकरला, म्हणजे नाकातल्या लक्ष्यशोधकाला, चित्र दिसतच नव्हतं. फिरत्या नक्षीदार चकतीनं तुकडे केलेला एक ठिपका, एवढंच. जास्त झगझगीत ठिपका दिसला की तो तिकडे ओढला जाई, सूर्याकडेसुद्धा. साइडवाइंडरच्याच नव्या ‘एआयएम-9एक्स’मध्ये 128 गुणिले 128 बिंदूंचं चित्र असतं, त्यात विमानाचा आकार आणि मागे पडत जाणारा फ्लेअर वेगळे ओळखता येतात. म्हणून फ्लेअर निकामी झाले असं नाही, पण ‘सोडले की सुटका’ हे विसरा.

आणि सुपरकॉम्प्युटर! कॅलिफोर्नियातल्या चायना लेक इथल्या नौदलाच्या चाचणी केंद्रात साइडवाइंडर घडवणाऱ्या विल्यम मॅक्लीनच्या चमूनं 1953 मध्ये पहिलं लक्ष्य पाडलं ते जुन्या रेडिओतल्यासारख्या व्हॅक्यूम ट्यूबच्या जोरावर. क्षेपणास्त्रानं स्वतःभोवती गरगरू नये म्हणून मागच्या पंखांच्या टोकांना दातेरी चाकं बसवली होती. ती फिरवायला मोटर नव्हती, समोरून येणारा वाराच फिरवायचा.