न ऐकता अल्बम निवडण्याची रीत

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या वावरात रोडग्यांचा, म्हणजे विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत होता. पुण्याहून भाचा आलेला, सोबत त्याचे दोन मित्र, गावातले चार पोट्टे, आणि वांगी चिरायला मी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे टाकले. ते भाजेपर्यंत काय करावं म्हणून कोणीतरी विचारलं, "२०२४ चा सगळ्यात भारी अल्बम कोणता बे?" रोडगे भाजले, तूप संपलं, राख थंडी पडली, साल बदललं, तरी निकाल लागला नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात बसून जागतिक पातळीवरचा वाद कसा घालावा, हे मी त्या रात्री जवळून पाहिलं. ती विद्या माझ्यासोबत मसणात जाऊ नये म्हणून लिहून ठेवतो.

सुरुवात वर्षातल्या भारी अल्बमच्या यादीपासून करा, गाणी मागून. यादीवाल्यांचं वर्ष डिसेंबर उजाडता उजाडता आटोपतं. इकडे पऱ्हाटीवर बोंडं फुटायची असतात आणि तिकडे उतारा जाहीर होतो. अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारने 'जीएनएक्स' हा अल्बम २२ नोव्हेंबरला कोणाला न सांगता सोडून दिला. आमच्या भाच्याची यादी तेव्हा तयार होती. पंगत बसल्यावर जावई आला म्हणजे जशी सरकासरकी होते, तशी करून त्याने याला पहिल्या पानावर बसवलं. पाचव्या पानावरचा माणूस उपाशी उठला. तो कोण होता, हे आता भाच्यालाही आठवत नाही.

गुण दशांशात द्या. अमेरिकेत अल्बमची परीक्षणं छापणारी पिचफोर्क नावाची साइट आहे (पिचफोर्क म्हणजे गवताचं दाताळं, मला आधी तेच आठवलं), ती शून्य ते दहात दशांशासकट गुण देते. भाच्याने एका अल्बमला ८.४ दिले, दुसऱ्याला ८.६. मधल्या दोन दशांशात काय आहे, विचारलं तर म्हणतो, "फील आहे मामा." आमचा व्यापारीही हेच करतो. मूठभर सोयाबीन मशीनमध्ये टाकतो, ओलावा अमुक इतका म्हणतो, आणि भाव पाडतो. सरकारने २०२४ च्या हंगामात खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेली, तरी त्याच्या मशीनचा फील काही गेला नाही. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. असो.

वर्ष कोणतं, हे शेवटपर्यंत ठरवू नका. ग्रॅमी म्हणजे अमेरिकेतलं संगीताचं मोठं बक्षीस; २०२५ च्या ग्रॅमीचं वर्ष १६ सप्टेंबर २०२३ ला लागलं आणि ३० ऑगस्ट २०२४ ला संपलं. यात नवल वाटायचं कारण नाही, आपल्याकडे सालदाराचं सालही पाडव्यापासून धरतात. हरायची पाळी आली की म्हणायचं, "तुमचा अल्बम या सालात बसतच नाही."

'याचा आधीचा बरा होता' हे वाक्य कोणालाही लावता येते. आधीचा ऐकलेला असण्याची गरज नाही.

एकच माल दोनदा मोजायला शिका. चार्ली एक्ससीएक्स या इंग्लंडच्या गायिकेचा 'ब्रॅट' अल्बम जूनमध्ये आला, मुखपृष्ठ म्हणजे हिरव्या चौकोनावर नुसतं नाव. तीन दिवसांनी तोच तीन गाणी जास्त घालून आला, ऑक्टोबरात तीच गाणी फिरवून पुन्हा आला. तेच बियाणं, नवी पिशवी. आपल्याला हे कोणी शिकवायला नको.

आता मुख्य कलम. अल्बम ऐकू नका.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही, यामागे व्यवहार आहे. टेलर स्विफ्टने एप्रिलमध्ये १६ गाण्यांचा अल्बम काढला आणि दोन तासांनी आणखी १५ गाणी सोडली. एकतीस गाणी, दोन तासांच्या वर. बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'मध्ये सत्तावीस. एवढं सगळं ऐकत बसलं तर ओलित कोण करणार? मी भाबडेपणाने विचारलं, "यातला एक तरी पुरा कोणी ऐकला का रे?" सगळे गप. तुराटी तडतडली तेवढा आवाज आला. मग पुण्याचा एक मित्र म्हणाला, "काका, रील्समध्ये ऐकलंय ना." आणि वाद पुन्हा जोमात सुरू झाला.

न ऐकताही नियम मात्र पाठ होते. अल्बम कशाला म्हणावं? भाचा म्हणाला, ग्रॅमीच्या हिशेबाने किमान पाच वेगवेगळी गाणी आणि पंधरा मिनिटं पाहिजेत. गाणी कमी असली तर अर्धा तास तरी भरला पाहिजे. म्हणजे २०१६ साली ज्याच्यावर आख्खा महाराष्ट्र वरातीत नाचला, तो 'सैराट' गेला बाद. त्यात चारच गाणी. मी मनात हिशेब केला आणि मला हुरूप आला. कारण माझ्याकडे असा एक अल्बम होता. सहा गाणी, एकेचाळीस मिनिटं. नियमात बसणारा, २०२४ सालात बसणारा, आणि मी पुरा ऐकलेला. पंधरा वेळा.

आमच्या गावच्या भजनी मंडळाचा. दरसाल मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला जाणारी ही माणसं. पोळा झाल्यावर वर्गणी करून नागपूरच्या स्टुडिओत गेली. खंजिरी वाजवणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी जन्मात पहिल्यांदा कानाला हेडफोन लावला आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. एसीत खंजिरीचं कातडं ढिलं पडून उतरलं, खंजिरी बोलेना. खंजिरी शेकायला स्टुडिओत विस्तव कुठला? मग खाली पार्किंगमध्ये रद्दी पेटवून शेकली, वॉचमनच्या शिव्या खाल्ल्या, धावत जिना चढले आणि कातडं पुन्हा उतरायच्या आत एक भजन. मग पुन्हा खाली. सहा भजनांसाठी सहा वेळा, गुडघे धरत. पाचव्या भजनाच्या आधी त्यांचा दम ऐकू येतो. कापायचा राहून गेला. मला तर तो दमच त्या अल्बममधला सगळ्यात मोलाचा वाटतो.

मी नाव सांगितलं. भाचा हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "मामा, स्पॉटिफायवर आहे का?" आहे म्हटलं. लावला. माझ्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावला, कारण संध्याकाळपासून सगळ्यांचे जागतिक अल्बम माझ्याच डेटावर गाजत होते. खंजिरी सुरू झाली. टाळ आले. आजोबांनी पहिला आलाप घेतला, आणि भाच्याने पुढचं बटण दाबलं. "प्रॉडक्शन रॉ आहे. आणि मामा, हे भजन आहे ना, अल्बम नाही."

वीस सेकंद. मी मोजत नव्हतो, पण पडद्यावर दिसत होतं. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तर ते एकदा ऐकलं असं धरतात. म्हणजे सहा वेळा जिना चढलेल्या म्हाताऱ्याला त्या रात्री एक आकडासुद्धा मिळाला नाही. दहा सेकंद अजून थांबला असता तर काय बिघडलं असतं रे तुझं? तोंडात रोडगा होता न? चावेपर्यंत तरी थांबायचं!

आपल्याकडे भाच्याच्या पाया पडतात, त्याला रागावत नाहीत. म्हणून मी तेव्हा बोललो नाही. बारा वाजता पंपाची थ्री फेज लाइन आली, मी हरभऱ्याला पाणी द्यायला गेलो. सोबत कोणी आलं नाही. बॅटरी हॉटस्पॉटमध्ये गेलेली, मोबाइलचा उजेड नाही, बांधावर दोनदा घसरलो. परत आलो तेव्हा तीन वाजले होते आणि हे लेकाचे केंड्रिक मोठा का ब्रॅट मोठा यावर एकमेकांची आई काढत होते. ज्यातलं एकाने धड एक गाणं ऐकलं नव्हतं!

म्हणून आता भाच्यालाही सांगतो आणि तुम्हालाही, कारण तुमच्याही खिशात एक यादी आहे, मला ठाऊक आहे. लाज वाटू द्या. त्या केंड्रिकने मेहनत केली असेल, त्या बियॉन्सेनेही केली असेल, त्यांचाही तुम्ही अपमानच करताय. ऐकलं नसेल तर तोंड मिटून वांगी चिरा. तुमचे ते ८.४ आणि ८.६ चुलीत घाला, खंजिरी तरी शेकून होईल. एकेचाळीस मिनिटं काढा, मोबाइल उलटा ठेवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका, मग म्हणा वाईट आहे. म्हणा खुशाल, मी आजोबांना तोंडावर सांगीन. ते रोज सकाळी दूध घालायला आमच्या दारावरून जातात आणि विचारतात, "पुण्याच्या पोट्ट्यांनी आयकलं का गा?" मी एक तारखेपासून मागच्या दाराने निघतो आहे.

आणि पुढच्या खेपेला हॉटस्पॉट आपापला आणा.