'-स्की' लागला म्हणजे सरदार? कोवाल्स्की आडनावाबद्दलच्या काही थापा

आडनावांचे अर्थ सांगणारी संकेतस्थळं आणि 'तुमचं कूळ शोधा' छापाच्या पोस्ट यांत एक मजकूर थोड्याफार फरकाने कायम फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: कोवाल्स्की हे पोलंडमधल्या सरदार घराण्याचं आडनाव. '-स्की' म्हणजे 'चा मुलगा', आणि तो नावाच्या शेवटी असणं हीच खानदानाची खूण. प्रत्येक कोवाल्स्की घराण्याला स्वतःचं कुलचिन्ह आहे. मूळ पुरुष अर्थातच लोहार. पोलंडमध्ये सर्वांत जास्त आढळणारं आडनाव हेच. आणि रोमन लिपीत शेवटी 'आय' असेल तर माणूस कॅथलिक, 'वाय' असेल तर ज्यू.

मजकूर लिहिणाऱ्याला त्यातली विसंगतीसुद्धा दिसलेली नाही. आडनाव सरदारांचं, आणि देशात सर्वांत जास्तही तेच. मग नांगर कोण धरत होतं?

'चा मुलगा' हा दावा आधी निकालात काढू, कारण त्याला फार वेळ लागत नाही. पोलिश भाषेत बापाच्या नावावरून आडनाव करायची सोय वेगळी आहे. त्यासाठी '-विच' लागतो: मित्स्किएविच, यानोविच वगैरे. '-चिक' आणि '-आक' हे प्रत्ययही पुष्कळदा 'अमक्याचा पोर' किंवा 'अमक्याच्या हाताखालचा' असं सांगतात, म्हणून कोवाल्चिक म्हणजे लोहाराचा मुलगा किंवा त्याचा उमेदवार. '-स्की' हा मात्र साधा विशेषण करणारा प्रत्यय आहे. 'कोल्हापूर'चं 'कोल्हापुरी' करताना आपण जे करतो तेच तो करतो, आणि विशेषण असल्यामुळे लिंग-वचनाप्रमाणे बदलतो. नवरा कोवाल्स्की, बायको कोवाल्स्का, सगळं कुटुंब कोवाल्स्त्सी. 'चांगला, चांगली, चांगले' रोज बोलणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता सरदारकीचा मुद्दा. यात तथ्याचा अंश आहे, म्हणून तो जरा सविस्तर पाहायला हवा.

पंधराव्या-सोळाव्या शतकात पोलंडमधला जमीनदार सरदारवर्ग, म्हणजे श्लाख्ता, आपल्या गावावरून आडनाव लावू लागला. तार्नूव गावचा धनी तो तार्नोव्स्की. त्या काळातल्या कागदात '-स्की' दिसला तर माणूस बहुधा श्लाख्तापैकी, असं म्हणता येतं. पण ही स्थिती फार टिकली नाही. १४९६ च्या कायद्याने शहरी लोकांना शेतजमीन घ्यायला बंदी घातली होती. जमीन, मोठी पदं, राजाच्या निवडणुकीतलं मत हे सगळं श्लाख्तासाठी राखीव. एवढे फायदे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला खरा श्लाख्ता कोण याची सरकारी यादीच नाही. कोणी शंका काढलीच तर साक्षीदार उभे करून वाद मिटवायचा. अशा राज्यात लोक नावाला '-स्की' जोडणार नाहीत तर काय करतील?

त्यांनी जोडलाच. क्राकूव भागातला वालेरियन नेकांदा त्रेप्का हा सरदार या तोतयांवर इतका भडकला होता, की सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने त्यांची वहीच घातली. दरबारात, बाजारात कानावर आलेलं सगळं तो टिपून ठेवायचा: हा मोच्याचा मुलगा, तो गिरणीवाल्याचा, आता नाव बदलून सरदार म्हणून मिरवतो. १६४० मध्ये तो वारला तोवर वहीत अडीच हजारांच्या आसपास नोंदी जमल्या होत्या. गावगप्पा, असूया, वैयक्तिक भांडणं असं सगळं तिच्यात ठासून भरलेलं आहे, तेव्हा प्रत्येक नोंद खरी मानायचं कारण नाही. पण चारशे वर्षांपूर्वीच एका अस्सल सरदाराला '-स्की'चा भरवसा वाटत नव्हता, हे तिच्यावरून नक्की कळतं. आजचे पोस्टवाले त्याच्याहून भोळे निघाले.

शहरी कारागिरांनी जे केलं ते पुढे खेड्यांतही झालं. नोवाकचा नोवाकोव्स्की झाला, वूइचिकचा वूइचित्स्की. कधी घरच्यांनी हौसेने लावलं, कधी नोंद करणाऱ्या पाद्र्याने किंवा कारकुनाने परस्पर तसं लिहून टाकलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोलंडची फाळणी होऊन प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशियाने तो वाटून घेतला. करवसुली आणि सैन्यभरती यांसाठी नव्या राज्यकर्त्यांना प्रत्येकाचं पक्कं आडनाव हवं होतं. कुळांची, शेतमजुरांची आडनावं बहुतेक या काळात कायमची झाली. तोपर्यंत एकाच घराची नोंद एका साली कोवाल, दुसऱ्या साली कोवाल्चिक आणि तिसऱ्या साली कोवाल्स्की अशीही सापडते.

हे पडताळायची जागा म्हणजे चर्चची जुनी दप्तरं. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या लॅटिन नोंदींत नावाआधी माणसाचा दर्जा लिहायची पद्धत होती. श्लाख्ता असेल तर 'नोबिलिस' किंवा 'गेनेरोसुस', शहरातला प्रतिष्ठित असेल तर 'फामातुस', आणि शेतकरी असेल तर 'लाबोरिओसुस', म्हणजे कष्टकरी. नावाआधी 'लाबोरिओसुस' असेल तर पुढे '-स्की' असो नाहीतर आणखी काही, तो माणूस कोणाच्या तरी जमिनीवर राबत होता. ज्याला खरंच आपलं कूळ शोधायचं आहे त्याने नावाची शेपटी सोडावी आणि हा पुढचा शब्द बघावा.

साधी आकडेमोडही पुरेशी आहे. जुन्या पोलंडमध्ये श्लाख्ताचं प्रमाण ढोबळमानाने आठ ते दहा टक्के धरतात. युरोपच्या मानाने ते फारच जास्त, तरी दहातला एक. आज तिथल्या सर्वाधिक प्रचलित हजार आडनावांपैकी सुमारे एक तृतीयांश '-स्की' किंवा '-त्स्की'ने संपतात, आणि पहिल्या दहांतली तर निम्म्याहून जास्त: कोवाल्स्की, विश्निएव्स्की, कामिन्स्की, लेवांदोव्स्की, झिएलिन्स्की. उलट बाजूने बघा. पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी लढलेला सेनानी तादेउश कोश्चुश्को श्लाख्ता होता, '-स्की' नाही. कवी मित्स्किएविच श्लाख्ता, '-स्की' नाही. राजिविल आणि सापिएहा ही तर देशातली बलाढ्य घराणी, तिथेही नाही. आपल्याकडे नावाला 'कर' लागला म्हणून माणूस त्या गावचा वतनदार होता असं कोणी समजत नाही, तसंच हे.

खऱ्या सरदार कोवाल्स्कींना स्वतःलाही हे ठाऊक होतं. बर्फात धावणाऱ्या लांडग्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला चित्रकार आल्फ्रेड कोवाल्स्की (१८४९–१९१५) हा श्लाख्तापैकी. तो आडनाव लावायचा विएरुश-कोवाल्स्की. आधीचा 'विएरुश' कुलचिन्हाच्या नावावरून आलेला. नुसत्या कोवाल्स्कीने काम भागलं असतं तर हा जोड कशाला लागला असता?

आणि सगळ्या जगात ज्या कोवाल्स्काचं नाव पोहोचलं, ती कोण होती? वसईत, गोव्यात कितीतरी ख्रिस्ती घरांत आणि चर्चमध्ये येशूची एक तसबीर असते. छातीतून पांढरे आणि तांबडे असे दोन किरण निघालेले, खाली 'येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे' अशी ओळ. ही दैवी करुणेची भक्ती जिच्यामुळे सुरू झाली ती संत फाउस्तिना, म्हणजे हेलेना कोवाल्स्का. जन्म १९०५, ग्वोगोवियेत्स नावाच्या खेड्यात. बाप सुतारकाम करून थोडी शेती कसायचा. दहा भावंडांत ही तिसरी. शाळा जेमतेम तीन वर्षं, मग पोरवयातच लोकांच्या घरी मोलकरीण. २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत घोषित केलं. तिच्या घराण्यात सरदारकी शोधायला गेलात तर सुताराचा रंधा हाती लागेल.

मराठी मुलखाचा '-स्की'वाल्यांशी संबंध आला तो कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भेट दिली तेव्हा त्यांची आठवण पुन्हा निघाली. ही माणसं कोण होती? १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे धाडलेल्या कुटुंबांपैकी. फेब्रुवारी १९४० ची पहिली लाट मुख्यतः दोन प्रकारच्या घरांवर आली: पहिल्या महायुद्धानंतरच्या पोलिश-सोव्हिएत लढाईनंतर जमिनीचा तुकडा मिळालेले माजी सैनिक आणि जंगलखात्यात नोकरी करणारे. पुढच्या लाटांत शिक्षक, पोलीस, कारकून यांची कुटुंबंही गेली. आडनावांवरून त्यांना 'पोलंडचे सरदार' म्हणणं म्हणजे त्यांनी जे भोगलं त्याच्यावर भलताच मुलामा चढवणं आहे.

कुलचिन्हाचं प्रकरण त्याहून गमतीचं. '२५ डॉलरमध्ये कोवाल्स्की घराण्याचं चिन्ह, चौकटीसह' असल्या जाहिराती हमखास खपतात. पण पोलिश पद्धतीत चिन्ह, म्हणजे हेर्ब, आडनावाला चिकटलेलं नसतंच. एकच हेर्ब शेकडो वेगवेगळ्या आडनावांची घराणी वापरतात, आणि एकाच आडनावाची घराणी वेगवेगळ्या हेर्बांखाली सापडतात. चंद्रकोर आणि तारा असलेलं लेलिवा तार्नोव्स्कींचं, पण एकट्या त्यांचं नव्हे. १४१३ मध्ये होरोद्वो इथे झालेल्या करारात तर लिथुआनियाच्या सत्तेचाळीस सरदार घराण्यांना पोलिश घराण्यांनी आपापल्या हेर्बांत सामील करून घेतलं होतं. तेव्हा 'कोवाल्स्कीचं चिन्ह' या प्रश्नाला 'कोणता कोवाल्स्की?' असा उलटा प्रश्न हेच उत्तर. आणि मार्च १९२१ च्या राज्यघटनेने तर सांगूनच टाकलं, की प्रजासत्ताक कोणतेही हेर्ब किंवा घराण्याच्या पदव्या मानत नाही. चौकट विकणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून गेलेली दिसत नाही.

मूळ पुरुष लोहार, हा दावा पूर्ण खोटा नाही, पण घाईचा आहे. 'कोवाल' म्हणजे लोहार हे खरंच. भात्याशी बसलेल्या माणसावरून थेट आडनाव पडलेली घरं पुष्कळ असणार. मात्र कोवाल नावाचं एक गावही आहे, कुयावी प्रांतात. राजा काझिमिएश थोरला तिथे १३१० मध्ये जन्मला. शिवाय कोवाले नावाची खेडी ठिकठिकाणी आहेत. मध्ययुगाच्या आरंभी पिआस्त राजांनी गढ्यांच्या आसपास एकेका कामाची वस्ती वसवली होती. गावाने सरकारचं ठरलेलं काम करायचं आणि गावाचं नावही त्या कामावरून: ढाली करणाऱ्यांचं श्चित्निकी, ससाणे पाळणाऱ्यांचं सोकोल्निकी, गुराख्यांचं स्कोत्निकी, भटारखान्याचं पिएकारी आणि लोहारांचं कोवाले. अशा गावातून तीन-चारशे वर्षांनी बाहेर पडलेला माणूस कोवाल्स्की म्हणवू लागला, तर त्याने स्वतः हातोडा धरला असेलच असं नाही. तो कोवाले सोडून आलेला विणकर असू शकतो.

लोहार मात्र स्लाव्ह मुलखात सगळीकडे आहे. युक्रेनमध्ये कोवालेन्को, क्रोएशियात कोवाचेविच, चेकमध्ये कोवार्झ. रशियात शब्द वेगळा, म्हणून तिथे कुझनेत्सोव. हंगेरियन ही स्लाव्ह भाषा नव्हे, पण तिने हा शब्द उसना घेतला आणि तिथला कोवाच देशातल्या सर्वाधिक आडनावांत जाऊन बसला.

संख्येचा दावा सरळ चूक. पोलंडमध्ये पहिला क्रमांक नोवाकचा, सुमारे दोन लाख लोक. नोवाक म्हणजे गावात नव्याने आलेला. चेकमध्ये आणि स्लोव्हेनियातही हेच आडनाव, किंचित वेगळ्या स्पेलिंगने, पहिलं आहे. कोवाल्स्की आणि कोवाल्स्का मिळून एक लाख पस्तीस-चाळीस हजारांच्या घरात, म्हणजे दुसरा क्रमांक. गैरसमज का होतो तेही कळतं. सरकारी अर्जाच्या नमुन्यात, जाहिरातीत, विनोदात 'यान कोवाल्स्की' म्हणजे कोणीही सामान्य माणूस, आपला सोम्या-गोम्या. एकाच मजकुरात सरदार आणि सोम्या-गोम्या एका दावणीला बांधलेत ते असे.

उरलं 'आय' आणि 'वाय'. देवनागरीत दोन्ही '-स्की'च, त्यामुळे आपल्याला हा वाद कळायलाच वेळ लागतो. पोलिश लेखनात या आडनावांचा शेवट 'आय'ने होतो. चेकमध्ये तो 'वाय'ने होतो, आणि रशियन-युक्रेनियन नावं इंग्रजीत आणताना बहुधा 'वाय'च वापरतात. पूर्वेकडच्या अनेक ज्यू कुटुंबांचे कागद रशियन साम्राज्यातले होते, म्हणून अमेरिकेत उतरताना त्यांच्या नावाला 'वाय' लागला. पण रशियन संगीतकार चायकोव्स्कीलाही 'वाय'च लागतो, आणि तो ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की ज्यू कुटुंबातले. इंग्रजीत त्यांच्या नावाला कधी एक 'वाय' लावतात, कधी दोन. पोलिश वर्तमानपत्रं तेच नाव रोज 'आय'ने छापतात, आणि त्यामुळे त्यांना कॅथलिक समजून चुकलेला वाचक अजून तरी कोणी ऐकिवात नाही.