सरळ माणसाची उलटी बंदूक

"काडतूस लागतं त्यात!"

हे वाक्य गेल्या शनिवारी, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका नेमबाजी रेंजवर, सात-आठ दाढीवाल्या टेक्सन माणसांदेखत माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, मला ऐकवलं. कानांवर मफ असल्यामुळे ओरडून ऐकवलं. मराठीत होतं म्हणून निभावलं असं मला क्षणभर वाटलं. तेवढ्यात शेजारच्या लेनवाल्याने विचारलं, काय म्हणाले? आणि नानांनी त्याला इंग्रजीत करून सांगितलं.

माझ्याकडे बुलपप रायफल आहे. टॅव्हॉर एक्स-95. जन्माने इस्रायली, जातीने सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी. बुलपपमध्ये मॅगझिन आणि सगळी यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटात असते. त्यामुळे नळी पुऱ्या लांबीची राहूनही बंदूक आखूड होते. इथल्या 1934 च्या कायद्याप्रमाणे रायफलची नळी 16 इंचांच्या किंवा एकूण लांबी 26 इंचांच्या खाली गेली, की ती वेगळ्या यादीत जाते आणि अर्जफाटे सुरू होतात. माझ्या बंदुकीची नळी साडेसोळा इंच आणि एकूण लांबी 26 इंच एक सूत. सरकारच्या वर फक्त एक सूत! असली वस्तू दिसली की माझ्यातला मराठी माणूस विरघळतो. बाल्कनी बंद करून तिची खोली करणाऱ्यांच्या घरात वाढलोय मी. ग्रीन कार्डाला अकरा वर्षं लागली होती. ते आल्यावर दुकानात बंदूकखरेदीचा फॉर्म 4473 भरला, दुकानदाराने चौकशी केली आणि पंधरा मिनिटांत बंदूक हातात. प्राधान्य कशाला आहे ते त्या दिवशी कळलं.

तक्रार एकच होती, चापाची. चाप पुढे आणि घोडा पार मागे, मध्ये एक लांब दांडी. एसटीत कंडक्टर मागून दोरी ओढतो आणि घंटी ड्रायव्हरच्या डोक्यावर वाजते, तसला प्रकार, फक्त उलट दिशेने. ओढताना आधी काहीच होत नाही, मग थोडं काहीतरी होतंय असं वाटतं, आणि आपण विचारात असताना बार उडतो. म्हणून मी बदली ट्रिगर मागवला. तीनशे डॉलरच्या वर गेला. हे तीनशे कशासाठी, तर साध्या, सरळ बांधणीच्या एआर-15 रायफलीचा चाप जसा फुकटात लागतो, साधारण तसा माझाही लागावा म्हणून. त्या सरळ रायफलवाल्यांची चंगळ आहे. मूठ, दस्ता, चाप, काय वाटेल ते, लक्ष्मी रोडवर मॅचिंग ब्लाउजपीस मिळावा तसं, प्रत्येक दुकानात, प्रत्येक रंगात. आम्ही बुलपपवाले म्हणजे चपलांच्या दुकानात अकरा नंबर मागणारे. दुकानदार आत जातो, बऱ्याच वेळाने बाहेर येतो आणि म्हणतो, "ऑर्डर द्यावी लागेल."

तरी मी ठाम होतो. ऑस्ट्रियाच्या लष्कराने 1977 मध्ये स्टायर ऑग घेतली, तीही बुलपपच. फ्रेंचांनी त्यांच्या फामासला लाडाने 'बिगूल' म्हटलं आणि कित्येक वर्षं मिरवली. पुढे 2017 पासून त्यांनी तिच्या जागी सरळ जर्मन रायफल घ्यायला सुरुवात केली, हे मी नानांना अजून सांगितलेलं नाही.

आता नाना. नाना वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेत. चौतीस वर्षं तपासणी विभागात. आयुष्यभर काडतुसं डोळ्यांखालून घातली. त्यांनी नापास केलेल्या मालावर एखादी छोटी लढाई निभावली असती असं सासूबाई म्हणतात. पण स्वतः बंदूक कधी बाळगली नाही. सहा महिन्यांसाठी दोघं आमच्याकडे आले आणि पहिल्याच आठवड्यात कपाटातली तिजोरी उघडून मी अभिमानाने नानांना रायफल दाखवली. त्यांनी हात पाठीमागे बांधले, वाकले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"जावईबापू, ही उलटी जोडलीय."

मी समजावलं. ते म्हणाले, "हो, पण उलटी."

मग मी हुकमाचं पान टाकलं. म्हटलं, "नाना, आपल्या नौदलाचे कमांडो, मार्कोस, टॅव्हॉर वापरतात. आणि हे मॉडेल आता ग्वाल्हेरजवळ बनतंसुद्धा."

नाना शांतपणे म्हणाले, "त्यांना बोटीत जागा कमी असते. तुमच्याकडे तीन बेडरूम आहेत."

यावर काय बोलणार?

त्यात दसरा आला. खंडेनवमीला सासूबाईंनी देवापुढे पाट मांडला. त्यावर कात्री, विळी, माझा लॅपटॉप, बायकोचा मिक्सर आणि मधोमध टॅव्हॉर. घरात खरं शस्त्र असताना विळीवर भागवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मॅगझिन काढून, चेंबर दोनदा रिकामं बघून मी बंदूक ठेवली. त्यांनी हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल दुर्बिणीवर खोचलं. दुर्बीण बसवायची वरची पट्टी खाचाखाचांची असते. त्या खाचांत कुंकू जे बसलं, ते दात घासायच्या ब्रशने काढता काढता माझी अख्खी संध्याकाळ गेली. बंदुकीच्या तेलात कुंकू मिसळलं की त्याचा जो रंग होतो, तो पोलिसांनी पाहू नये असा असतो.

तर शनिवार. नवा चाप लावून झाला होता, माझे हात शिवशिवत होते, आणि नाना म्हणाले, "येतो मी, बघायला." बघायलाच, कारण व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला शिकारीचा परवाना वगैरे नसेल तर बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. कायद्याच्या व्याख्येत रिकामी पुंगळीसुद्धा काडतुसातच मोडते. चौतीस वर्षं ज्यांनी लाखांनी काडतुसं हाताळली, त्यांना अमेरिकेत एकाला हात लावायची बंदी! नानांनी हे फार मनावर घेतलं. रेंजवर सबंध वेळ त्यांनी हात पाठीमागे असे बांधले होते, की बघणाऱ्याला वाटावं यांना कोणीतरी बेड्या घातल्यात.

काउंटरवर नुसतं बघणाऱ्याचेही दहा डॉलर घेतले. माझ्याकडून.

आत गेलो, कागद दहा यार्डांवर पाठवला. बुलपपमध्ये मॅगझिन मुठीच्या मागे, जवळजवळ काखेत खुपसायचं असतं, ते दिसत नाही, अंदाजाने करावं लागतं. खुपसलं. अंगठ्याने बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग, सोडला. श्वास अर्धा सोडून थांबलो. आणि तो तीनशे डॉलरचा चाप ओढला. काय सांगू, लोण्यासारखा! काचेची कांडी मोडावी तसा स्वच्छ तुटला.

खट्.

बाकी काही नाही. मी बंदूक तशीच समोर रोखून धरली आणि आता काय करावं या विचारात जरासा हललो, तशी काखेतून मॅगझिन निसटलं आणि तीस गोळ्यांसकट माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. नानांचं ते वाक्य आलं ते इथे.

रेंजचा अधिकारी धावत आला. सहा फूट चार इंच, छातीपर्यंत दाढी. बंदूक खाली ठेवायला लावली, बोल्ट उघडून आत बघितलं आणि मला विचारलं, "हिचं हे असंच असतं का?" मी उत्तर देणार तोच नाना पुढे झाले. "सर, डिझाइन इज अपसाइड. आय वॉज इन्स्पेक्शन, थर्टी-फोर इयर्स, ॲम्युनिशन."

दाढीवाला थबकला. "ॲम्युनिशन? तुम्ही बनवायचात?"

"नो. आय वॉज रिजेक्टिंग."

तिथून पुढे मी त्या रेंजवर उरलोच नाही. अधिकाऱ्याने नानांसाठी घडीची खुर्ची आणली. कॉफी आणली. जमिनीवरची एक पुंगळी चिमटीत धरून, सराफाने दागिना दाखवावा तशी त्यांच्या डोळ्यांपुढे फिरवली. नानांनी चष्मा कपाळावर चढवला, हात मागेच, मान पुढे काढून तिचं बूड पाहिलं, मानेपाशी तापवल्याचा निळसर डाग असतो तो पाहिला, आणि म्हणाले, "ॲनीलिंग ओके." अख्ख्या लेनमधल्यांनी माना डोलावल्या. मग रांगच लागली. एकाने आपल्या सरळ एआर-15 चं काडतूस आणलं. पुंगळीची कड गोळीवर दाबलेली असते ती पाहून नाना म्हणाले, "क्रिंप गुड." दुसऱ्याचं पाहून नुसतंच "हं" म्हणाले, तर तो बिचारा खोका घेऊन बदलायला काउंटरवर गेला. नळी गरम झालेल्या बंदुका बाजूला ठेवून ती धिप्पाड माणसं वरणगावच्या पाहुण्यापुढे अर्धवर्तुळात उभी होती. मी पलीकडे अंगठा चोळत, मॅगझिन नीट बसवून, एकटाच ठो ठो करत होतो. नेम चांगला लागत होता हो! पहिल्या पाचातल्या चार गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या असत्या. कोणी वळूनही पाहिलं नाही.

निघताना अधिकाऱ्याने नानांना रेंजची टोपी भेट दिली. मी चार वर्षं तिथला सभासद आहे. दरमहा पैसे कापले जातात. मला आजवर एक स्टिकर मिळालेला नाही. हे मी गमतीत लिहितोय असं कोणाला वाटत असेल तर वाटो.

घरी येऊन जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बंदूक उघडली. ही सोय मात्र टॅव्हॉरची खरी आहे. मागची एक पिन ढकलली की दस्त्याची पाठ दारासारखी खाली पडते आणि आतून बोल्ट आणि पिस्टन एकसंध बाहेर येतो, पिचकारीचा दट्ट्या ओढावा तसा. काजळी पुसली, तेल लावलं. मग सवयीने मॅगझिन जिथे अडकतं त्या खिटीपाशी टॉर्च मारला, आणि खिटीच्या सांदीत काहीतरी लाल दिसलं. चिमट्याने काढलं.

अक्षत होती. कुंकू लावलेला, अर्धा तुटलेला बासमतीचा दाणा.

आता मॅगझिन हिच्यामुळे बसलं नाही की माझ्याच हातून, हे मी कोर्टात सिद्ध करू शकत नाही. पण पुरावा चिमट्यात होता. समोर नाना टोपी घालून सोफ्यावर बसले होते. स्वयंपाकघरात सासूबाई पुरण वाटत होत्या. पुरण माझ्यासाठीच होतं, शनिवारी जावयाच्या पायाला लागलं म्हणून. मी दाणा टिश्यूत गुंडाळून खिशात टाकला.

नाना व्हिडिओ कॉलवर वरणगावच्या कोणाशी तरी बोलत होते. मफ काढून दोन तास झाले होते तरी आवाज रेंजवरचाच होता.

"हो, जावयाचीच. नाही रे, खोटी कशाला असेल, चांगली खरी आहे. फक्त उलटी आहे."