कमठा 'रिकामा सोडून' तपासा म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

'पूर्वजांचं ज्ञान: तडकलेलं लाकडी धनुष्य घरीच दुरुस्त करा', खाली पाच मुद्दे अन् शेवटी हात जोडलेले. तुम्हालाही आला असेल. असले मेसेज मी सोडून देतो, पण हा माझ्या भाच्याकडं गेला. तिरंदाज ओजस देवतळेनं 2023 ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली तेव्हापासून पोराला नाद, त्याचा कंपाउंड, म्हणजे चाकं लावलेलं धनुष्य, अन् ह्याचा बांबूचा कमठा, म्हणजे साधं धनुष्य, तरी असो. मेसेज वाचून ह्यानं तुरीच्या वावरात धुऱ्यावर उभं राहून दोरी कानापर्यंत ओढली अन् बिनातीराची सोडली. तिसऱ्या खेपेला कमठा मुठीच्या वीतभर वर मोडला, दोरीला लटकलेला तुकडा भुवईवर बसला. दोन टाके. वरून मलेच म्हणते, "मामा, मेसेजमंदी तं असंच लिहेल होतं."

म्हणून आधी तोच मुद्दा. 'दोरी पूर्ण ओढून दहा वेळा रिकामी सोडा, टणत्कार घुमला की धनुष्य पक्कं.' अरे बावा, ओढताना लावलेली ताकद कमठ्यात साठते अन् सोडल्यावर तीर ती घेऊन जातो, तीरच नाही तं ती जाईल कुठं? हे माझ्या डोक्यातलं नाही. पॉल क्लॉपस्टेग नावाचा अमेरिकन फिजिसिस्ट होता, 1947 ला हिकमन अन् नॅग्लरसोबत त्याचं तिरंदाजीच्या टेक्निकल बाजूवर पुस्तक आलं. त्याचा हिशोब असा, की कमठ्याचा अन् दोरीचा जो भाग हलतो त्याच्या वाट्याचं म्हणून एक ठरावीक वजन तीरालाच चिकटलंय असं धरायचं. समजा ते 15 ग्रॅम अन् तीर 30 ग्रॅमचा, तर तीनातले दोन वाटे ताकद तीर नेतो, एक कमठ्यात उरतो. तीर शून्य केला की तिन्ही वाटे कमठ्यातच, अन् आधीच तडकलेला बांबू ते कायले सहन करीन?

रामायण-महाभारतात टणत्कार आहे, मान्य. दोरी बोटानं छेडून आवाज काढा ना, कोण नाही म्हणतं.

'चिरेत फेविक्विक भरा' हा मुद्दा, नाइलाजानं सांगतो, अर्धा बरोबर आहे. बांबूच्या उभ्या रेषेच्या दिशेनं गेलेली केसासारखी चीर पातळ गोंदानं भरून वरून दोरा घट्ट गुंडाळला तर पुष्कळदा चालून जाते. पण चीर आडवी असेल, किंवा पोटाकडून, म्हणजे ओढताना तुमच्याकडं येणाऱ्या बाजूनं, बारीक सुरकुत्या दिसत असतील तर तिथला बांबू दबून चेंगरला आहे, तो गोंदानं जुळत नाही. अन् गंमत पाहा, त्याच मेसेजात आधी रात्रभर जवसाच्या तेलात बुडवा, मंग फेविक्विक लावा! तेलकट चिरेत गोंद धरते का?

'दोरी कायम चढवून ठेवा, सवय लागते' म्हणे. सवय लागते ती वाकडं राहायची. अन् ओढायला जड म्हणजे लांब मारते हेही खरंच असं नाही, कमठ्याचे हातच, म्हणजे मुठीच्या वरखालचे वाकणारे भाग, जाड अन् जड असले तं अर्धी ताकद ते हलवण्यातच जाते.

तपासायचंच असेल तर रद्दीवाला आणतो तो हुकाचा काटा घ्या. कमठा खुंटीला मुठीत अडकवा, दोरीला हुक लावा, हळूहळू 20, 22, 24 इंचापर्यंत ओढा, दर खेपेला आकडा लिहा अन् दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते लांबून कोणाला तरी पाहायला लावा. मंग तोच एक तीर, तेवढंच ओढून, वीसेक वेळा मारा, पडला तिथं काडी रोवा. परत काट्यावर लावा. आकडा दोन-तीन किलोनं उतरला तर दुरुस्ती टिकली नाही.

भाच्यासाठी नवीन बांबू तोडून सावलीत ठेवलाय, पूर्ण वाळेपर्यंत त्याला हात लावू देणार नाही.