हार्मोन इंजेक्शनच्या वाफा, अ‍ॅक्युपंक्चर आणि एक धोक्याचा सल्ला

खान्देशात व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतोय: प्रोस्टेट कॅन्सरच्या हार्मोन इंजेक्शनने अंगात उष्णता साठते, अ‍ॅक्युपंक्चरने (अंगात बारीक सुया टोचण्याचा उपचार) ती कायमची निघते, मग इंजेक्शन बंद करा, सुयांना साइड इफेक्ट नसतात.

‘उष्णता साठते’
साठत काहीच नाही. ल्युप्रोलाइडसारख्या इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन अगदी तळाला जातं. मग मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र एवढ्या-तेवढ्यानं बिथरतं: चेहरा-छाती पेटते, घामाच्या धारा लागतात, काही मिनिटांत हुडहुडी भरते. यालाच वाफा (हॉट फ्लॅश) म्हणतात. यात ताप येत नाही. थर्मामीटर १०० च्या वर गेला तर कारण वेगळं. जंतुसंसर्ग किंवा, मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे, उष्माघातही असू शकतो.

‘सुयांनी कायमची जाते’
स्वीडनमध्ये ३१ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात (२००९) १२ आठवड्यांत वाफा जवळपास निम्म्यावर आल्या. पण दोन्ही गटांना खऱ्याच सुया टोचल्या होत्या. तुलनेला खोट्या सुयांचा गट नव्हता. औषधांच्या चाचण्यांत नुसत्या साखरेच्या गोळीनेही वाफा बऱ्यापैकी कमी होतात, त्यामुळे सगळं श्रेय सुयांना देता येत नाही. काहींना आराम पडतो, एवढंच म्हणता येईल.

‘इंजेक्शन बंद करा’
हे वाचून खरोखर काळजी वाटते. टेस्टोस्टेरॉन परत चढलं की कॅन्सरला पुन्हा खाद्य मिळतं. काही रुग्णांना मध्ये खंड देतात, पण तो पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) पाहून कॅन्सरचे डॉक्टर ठरवतात. वाफा गेल्या म्हणजे कॅन्सर आटोक्यात आला असं होत नाही.

‘साइड इफेक्ट नाहीत’
रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, केमोने प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी उतरल्या असतील, तर रक्तस्राव आणि संसर्गाची भीती. सुजलेल्या पायात सुई नको. पेसमेकर असेल तर विजेच्या सुया नकोच. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा; उकळून पुन्हा वापरलेली सुई चालत नाही.

सुया घ्यायच्याच असतील तर इंजेक्शन चालू ठेवून घ्या. आधी दोन आठवडे वाफा वहीत मांडा: वेळ, किती जोराची, आधी काय खाल्लं-प्यालं. गरम चहा, दारू, झणझणीत शेवभाजी यांनंतर वाढतात का ते तिथेच दिसेल. रात्री कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत दमटपणा वाढतो आणि घाम वाळतच नाही. एवढ्यानं भागलं नाही तर मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (रोज २० मिलिग्रॅम) किंवा व्हेन्लाफॅक्सिन या औषधांबद्दल डॉक्टरांना विचारा. पूर्वी पायात रक्ताची गाठ झाली असेल तर पहिलं औषध, बीपी वाढलेलं असेल तर दुसरं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून हे डॉक्टरांना आधीच सांगा.