"मी ठणठणीत आहे, मला का कोंडता?" या मेसेजला उत्तर

सांगली-साताऱ्याच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरायला लागलाय, बऱ्याच जणांनी मलाही पाठवला. त्यात म्हटलंय की क्वारंटाइन म्हणजे निरोगी माणसाला कैद, १८९७ चा इंग्रजांचा कायदा आता लागूच होत नाही, मास्कनं काही होत नाही, ज्याला भीती वाटते त्यानं घरात बसावं, आणि पुढच्या साथीत कुणी ऐकायचं नाही. हे शेवटचं वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितोय.

आधी "निरोगी माणूस" हे बघू. कोरोनात लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकत होता. संसर्ग झाल्यावर लक्षणं यायला बहुतेकांना पाचेक दिवस लागायचे, काहींना चौदापर्यंत, आणि क्वारंटाइनचे १४ दिवस तिथनंच आले. म्हणजे ज्याला आपण ठणठणीत आहोत असं वाटतंय तोच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजार देऊन बसतो आणि त्याला पत्तापण लागत नाही, यात त्याचा दोष नाही, पण धोका तर आहेच ना? मार्च २०२० मध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात परदेशातनं आलेले चार जण पॉझिटिव्ह निघाले आणि थोड्याच दिवसांत आकडा पंचवीसच्या आसपास गेला, जवळपास सगळे एकाच घरातले नाहीतर त्यांच्या अगदी जवळचे. मग संपर्कातली माणसं शोधून वेगळी ठेवली, भाग सील केला आणि ती साखळी तिथंच तुटली. तेव्हा लस नव्हती, खात्रीचं औषध नव्हतं, हाताशी होतं ते एवढंच.

आता कायदा. १८९७ चा साथरोग कायदा रद्द झालेला नाही, महाराष्ट्रानं मार्च २०२० मध्ये त्याच कायद्याखाली नियम काढले आणि संसदेनं त्याच वर्षी त्यात दुरुस्ती करून डॉक्टर, नर्स, आशाताईंवर हात उचलणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. शिवाय क्वारंटाइनचा नियम मुद्दाम मोडणं आजच्या भारतीय न्याय संहितेतही गुन्हाच आहे, कलम २७३, सहा महिन्यांपर्यंत कैद. फिरायचं स्वातंत्र्य घटनेनं दिलंय हे खरंय, पण सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी बंधन घालता येतं हेही त्याच १९ व्या कलमात लिहिलंय, मेसेजवाल्यानं नेमका तेवढा भाग गाळला.

पण या मुद्द्यात खरा राग कशाचा आहे ते मला कळतं. कुणाच्या दाराला बाहेरनं कुलूप, कुणाच्या घरावर पोस्टर, दूधवाला दूध घालेना, हे आपल्याकडं झालंय, मी स्वतः बघितलंय आणि ते चूकच होतं. सुप्रीम कोर्टानंही डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की अधिकाऱ्याचा तसा कायदेशीर आदेश असल्याशिवाय रुग्णाच्या घरावर पोस्टर लावायचं नाही. म्हणजे कायदा सरकारलाही बांधतो. भांडायचं तर त्यासाठी भांडा, सोबत आहे मी.

१८९७ च्या प्लेगच्या वेळी पुण्यात इंग्रज प्लेग अधिकारी रँडचे सोल्जर घरात घुसून माणसं ओढून नेत होते, लोक चिडणारच. पण त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुल्यांच्या डॉक्टर मुलानं, यशवंतरावांनी, गावाबाहेर मोकळ्या माळावर दवाखाना काढला होता आणि सावित्रीबाई मुंढव्याचं आजारी पोरगं पाठीवर घेऊन तिथं गेल्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या या लेकीनं दाखवलं की रुग्णाला वेगळं ठेवणं आणि त्याला माणसासारखं वागवणं एकत्र होऊ शकतं.

मास्कचा मुद्दा पटकन. बांगलादेशात सहाशे खेड्यांत मोठी चाचणी झाली, मास्क वाटल्यावर वापर १३ टक्क्यांवरनं ४२ वर गेला आणि सर्जिकल मास्कवाल्या गावांत लक्षणांसह कोरोना सुमारे ११ टक्क्यांनी घटला, साठीपुढच्यांत ३५ टक्क्यांनी. जादू नाही, पण "काही होत नाही" हे साफ खोटं. आणि निम्म्याहून जास्त लोक विनामास्क असताना हे झालं, हेही लक्षात घ्या.

राहिलं "ज्याला भीती त्यानं घरात बसावं". मुंबईत काम करणारी आमच्या माण-खटाव भागातली पोरं मे २०२० मध्ये गावी आली तेव्हा झेडपीच्या शाळेत राहिली, वर्गात सतरंज्या, घरचा डबा गेटपाशी ठेवायचा, आई रस्त्यापलीकडनं "जेवलास का रं" विचारायची आणि पोरगं खिडकीतनं हात हलवायचं. ते पोरगं भ्यायलं होतं म्हणून तिथं नव्हतं, घरात दम्याची आजी होती म्हणून होतं. उलट सांगायचं तर आजीनं कुठं बसायचं? दोन खोल्यांच्या घरात तिला वेगळं ठेवायला जागाच नसते.

आणि ज्याचं हातावर पोट आहे त्याला चौदा दिवस घरी बसवायचं तर रेशन आणि बुडालेली मजुरी कोण देणार, हा प्रश्न मेसेजमध्ये कुठंच नाही. ऊसतोड मजूर त्या मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्याच्या तळावर कोप्यांत (पाचटाच्या झोपड्यांत) अडकून पडले होते, लहान पोरं बरोबर, गाळप बंद, खिशात पैसे नाहीत. क्वारंटाइनवर टीका करायची असेल तर इथनं सुरू करा, आणि पुढच्या साथीआधीच ग्रामसभेत विचारा की शाळेत माणसं ठेवायची वेळ आली तर पाणी, संडास, जेवण आणि बायकांसाठी वेगळी खोली यांची सोय कोण बघणार.